पाहुणीला दिलेली झोप

गावाचं नाव मी सांगणार नाही. मोहाडी तालुक्यात, मोठा रस्ता सोडून तळ्याच्या पाळीनं आत गेलं की लागतं, एवढं पुरे. त्या गावानं मला बरेच दिवस साफ फसवलं, आणि तेही इतक्या प्रेमानं की तक्रार कुणाकडे करावी ते कळेना. परत आल्यापासून कराडात जो भेटतो तो विचारतो, "भंडाऱ्याकडे गेला होता म्हणे, काय पाहिलं?" मी सांगते, बायकांची झोप पाहायला गेले होते. मग समोरचा माणूस माझ्याकडे जरा काळजीनं बघतो. म्हणून म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच टाकावं.

मी नर्सिंगच्या मुलींना शरीरशास्त्र शिकवते. पन्नाशी ओलांडली आहे. माझी जुनी मैत्रीण प्रज्ञा नागपूरला डॉक्टर आहे. चाळिशी ते साठीच्या खेड्यातल्या बायकांची झोप कशी असते आणि त्याचा त्यांच्या रक्ताशी काय संबंध लागतो, हे तिला तपासायचं होतं. हाताशी माणूस नव्हता. मला दिवाळीची सुट्टी होती आणि नवरा घोरतो. मी हो म्हटलं.

विषय अवघड वाटतो, पण तसा नाही. बोट कापलं की ते लाल होतं, सुजतं, गरम लागतं. हा दाह. त्याच वेळी रक्त गोठून जखम बंद होते. ही दोन्ही कामं शरीर जोडीनं करतं. झोप रोज मोडत राहिली तर जखम नसतानाही शरीर ही तयारी थोडी थोडी चालूच ठेवतं, रक्तात दाहाच्या खुणा वाढतात आणि रक्ताचा गुठळी धरण्याकडे कल होतो, असं दिसतं. पाळी जायच्या वयात तर बाईची झोप हमखास बिघडते. मला स्वतःला रात्री अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं आणि मी पंख्याखाली बसून राहते. मात्र झोपेमुळे रक्त बिघडतं, की रक्तातल्या बिघाडामुळे झोप, की तिसऱ्याच कशामुळे दोन्ही, याचा गुंता पुरता सुटलेला नाही. म्हणून तर मोजायचं.

वरठी

स्टेशनवर पाटी भंडारा रोडची आणि गाव वरठी. खाली उतरून मी रिक्षावाल्याला विचारलं, "भंडारा रोड हेच ना?" तो म्हणाला, "हे वरठी होय. पण भंडारा रोड बी हेच." एवढ्यावर मी समाधान मानलं. पोलादाच्या कारखान्याकडे सायकली आणि मोटारसायकली चालल्या होत्या, प्रत्येकीच्या हँडलला डबा. मला घ्यायला पुष्पा आली होती. ती त्या गावची आशाताई, म्हणजे आरोग्यसेविका, चाळिशीच्या आतबाहेरची, सडसडीत आणि बोलायला तुटून पडणारी. तिच्या स्कूटीवर पुढे माझी पिशवी, मागे मी आणि माझ्या मांडीवर रक्ताच्या नळ्यांची पेटी.

"म्याडम जी, गाडीत झोप आली का?" तिनं पहिला प्रश्न विचारला.

"कुठली येतेय! रात्रभर जागीच होते."

"अरे बाप्पा!" पुष्पानं गाडी चालवता चालवता मान मागे वळवली. मी पेटी घट्ट धरली. "झोप मोजाले आल्या आन् तुमालेच झोप नाई?"

मोहाडी मागे पडली आणि दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, लागल्या. आमच्याकडे ऊस उभा असतो तेव्हा रस्त्यावरून काही दिसत नाही. इथे कापणी झालेली, त्यामुळे नजर लांबवर जाते. मध्ये मध्ये कापलेल्या धानाचे पुंजणे रचलेले, म्हणजे घराएवढ्या गोल उडव्या. मग तळं आलं. पाण्यात शिंगाड्याचे वेल पसरले होते आणि एक माणूस छोट्या डोंग्यात बसून ते उपटत होता. पुष्पानं त्याला हाक मारून ओंजळभर शिंगाडे माझ्या पदरात टाकायला लावले. गावात शिरायच्या आधीच माझा पाहुणचार सुरू झाला होता.

पुष्पाच्या घरी

राहायची सोय आरोग्य उपकेंद्रामागच्या खोलीत होती, जेवण पुष्पाकडे. कौलारू घर, पुढे ऐसपैस छपरी, मागे विहीर. तीन भावांचं एकत्र कुटुंब आणि एक चूल. चूल अनुसयाबाईंच्या ताब्यात. या पुष्पाच्या थोरल्या जाऊ, वय पन्नासच्या आसपास, अंगानं भरदार, आवाज पार तळ्यावर जाईल असा. पुष्पा त्यांना नुसतं "बाई" म्हणायची. सासू वारल्यापासून देवाचं, धर्माचं, पाहुण्यारावळ्यांचं सगळं त्यांच्याकडे होतं. त्यांचे यजमान नामदेवभाऊ मळणीच्या घाईत, तोंड धुवायलाही घरी येत नसत. धाकटा दीर हिरामण. गावात त्याची ख्याती एकच, की पाटावर बसवला तर जेवेल आणि पाटावर आडवा केला तर झोपेल.

पहिल्या जेवणाला मी भाकरी मागितली. अनुसयाबाई पोटभर हसल्या. "भाकर? बिमार हाय का तुमी? भात खा जी, चिन्नोरचा हाय." ताटात वाफाळता भात आला. त्याच्या वासानंच माझं ज्वारीवरचं मन उडालं. त्यावर वरण, वांग्याची भाजी, पुन्हा भात, पुन्हा थोडा भात. हात आडवा केला की "एवढ्या दुरून आल्या, आन् उपाशी उठता?" आमच्याकडे आग्रह तीनदा होतो आणि मग यजमान सुटकेचा श्वास टाकतो. इथे आग्रहाला शेवट नाही. दुसरी गंमत म्हणजे इथल्या बाया "मी जातो", "मी येतो" असंच बोलतात. पहिल्या दिवशी अनुसयाबाई आतून ओरडल्या, "मी आंघोळीले जातो," आणि मी उगाच कुठला पुरुष आला म्हणून पदर सारखा केला.

अंगणवाडीत बायका जमल्या. मी मनगटावर बांधायचे पट्टे दाखवले. घड्याळासारखेच, फक्त काटे नाहीत. रात्री कितीदा कूस बदलली, कितीदा उठलात, हे त्यात उमटतं, असं सांगितलं.

"मंग ज्याची झोप चांगली थो पास?" एकीनं विचारलं.

"पास-नापास काही नाही. जशी असेल तशी."

"आन् दुसऱ्या गावची बी मोजून राहिले का?"

"हो, चार गावं आहेत."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मी शिक्षिका, मला वाटलं विषय समजला.

मग माझा दिनक्रम लागला. सकाळी दारोदार जायचं, रक्त घ्यायचं, विचारायचं, "झोप कशी लागली?" उत्तर ठरलेलं. "मस्त! एकदम मस्त झोप आली म्याडम जी." सांगणारीचे डोळे लाल, बोलता बोलता जांभई. मी पट्टा मोबाइलला जोडून पाही, तर आत एखाद्या तान्ह्या बाळाला शोभेल अशी झोप. दिवेलागणीनंतर थोड्या वेळात गाढ, ती थेट उन्हं वर येईपर्यंत. ना कूस, ना उठणं. पाहून मला चक्क हेवा वाटला. म्हटलं, चिन्नोर तांदळात काहीतरी आहे. मी प्रज्ञाला आकडे पाठवले. तिचा फोन आला, "हे गाव आहे की आश्रम? बायका पहाटे पाणी भरत नाहीत का तिथे?"

मी म्हटलं, "भरतात. मी बघते ना."

"मग पट्टा झोपलेला आणि बाई विहिरीवर, असं कसं?"

पट्टे बिघडले असतील असं मी ठरवलं. यंत्रावर ढकललं की माणसाला बरं वाटतं.

मंडईचा दिवस

दिवाळीनंतर या भागात प्रत्येक गावाची मंडई भरते. भाजीबाजाराशी तिचा संबंध नाही. ही जत्रा. पाळणे, जिलेबी, बांगड्या, दुपारी दंडारीचा नाच आणि रात्रभर चालणारं नाटक. गावागावांचे दिवस वेगळे, म्हणजे एकमेकांकडे जाता येतं. त्या दिवशी घरात पाहुणा नसणं ही लाजेची गोष्ट. अनुसयाबाईंच्या थोरल्या लेकीचं लग्न उन्हाळ्यात झालं होतं, त्यामुळे तिच्या सासरची माणसं पहिल्यांदाच मंडईला येणार होती. व्याह्यांना इथे ईवाई म्हणतात आणि विहिणीला ईन. घरात ईवाई-ईन याखेरीज दुसरा शब्द ऐकू येत नव्हता.

अनुसयाबाईंच्या रक्ताचा आधीचा नमुना वाटेत खराब झाला होता. दिवसभर गडबड असणार, म्हणून मी उजाडताच त्यांच्याकडे गेले. आतल्या खोल्या आदल्या दिवशी आलेल्या पाहुण्यांनी भरलेल्या. छपरीत खाटेवर हिरामण झोपला होता, तोंड उघडं, दोन्ही हात डोक्यावर. आणि त्या हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, माझे पट्टे. नव्या नवरीच्या हातात चुडा असतो तसे ओळीनं. झाडून सगळे.

पुष्पा पाण्याची कळशी घेऊन आली आणि मला पाहून जागीच थांबली.

"पुष्पा, हे काय आहे?"

तिनं आधी हिरामणकडे पाहिलं, मग कळशीकडे. "थो झोपते ना चांगला," ती म्हणाली.

आतून अनुसयाबाई आल्या. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि त्या स्वतः भिंतीला धरून टेकल्या. मी रागावले होते. इतक्या लांबून मी हिरामणची झोप मोजायला आले नव्हते, असं मी मोठ्यानं म्हटलं. हिरामणनं कूस बदलली. तेवढी एक नोंद तरी खरी झाली असणार.

"रागावू नोका जी," अनुसयाबाई म्हणाल्या. "तुमी आमच्या गावाच्या पाहुण्या. एवढ्या दुरून झोप न्याले आल्या. आता घरात जे खराब हाय थे पाहुणीले देते का कोनी? तांदूळ द्याचा त चिन्नोरचा देते. मंग झोपच कायले वंगाळ द्याची?"

पुष्पानं भर घातली. "आमी विचार केला, गावात सगळ्याहून चांगली झोप कोनाची? हिरामणची. मंग सांजच्याले सगळ्या बायांनी आपापले पट्टे त्याले आणून देल्ले. सकाळी परत नेले."

"आणि तोंडानं मला मस्त मस्त सांगत होतात!"

"म्याडम जी," अनुसयाबाई जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "झोप येत नाई म्हणलं का लोक म्हणते, हिच्या घरात काई सुख नाई. पाहुण्याजवळ असं बोलत नसते."

मला हसू आलं. राग कुठे गेला कळलं नाही. आमच्याकडे पाहुणा आला की फाटकी चादर लपवतात. यांनी झोप लपवली होती. मी त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "बरं, आता खरं सांगा. तुमची झोप कशी आहे?"

"नाई येत," त्या म्हणाल्या. "पाळी जाऊन येऊन राहिली, अंग भाजते, तशी त साल झालं नाईच येत. आन् हे चार-सहा दिवस त पाय ठणकते. डोळ्याले डोळा नाई. वात हाय, दुसरं काई नाई. आता मालीशवाली येऊन राहिली, मोहाच्या तेलानं रगडून देते, का मोकळा होते."

"दाखवा पाय."

त्यांनी लुगडं थोडं वर केलं. उजवा पाय नेहमीचा. डावी पोटरी त्याच्या दीडपट, कातडी ताणून चकचकीत झालेली. हात लावला तर गरम. बोटानं दाबलं तर खळगा तसाच राहिला आणि अनुसयाबाईंनी दातावर दात आवळले. हे चित्र मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले आहे.

तेवढ्यात मालीशवाली म्हातारी तेलाची वाटी घेऊन आलीच. मी ताडकन उठून तिला आडवी झाले. "पायाला हात लावू नका!" इतक्या जोरात, की आतले पाहुणे बाहेर आले. म्हातारीला मी नंतर हात जोडले, पण त्या क्षणी रीतभात सुचली नाही.

मग मी विचारत गेले. ऑपरेशन? नाही. लांबचा प्रवास? नाही. काही गोळ्या? अनुसयाबाईंनी पुष्पाकडे पाहिलं. पुष्पानंच सांगितलं. पाळी लांबवायच्या गोळ्या. नवरात्रात घट बसले तेव्हा घेतल्या. थांबवल्या, की दिवाळी आली. मग लक्ष्मीपूजन, मग मंडई. या वयात पाळी सांगून येत नाही. आली की बाईनं चुलीला शिवायचं नाही आणि देवाला तर नाहीच. मग ईवाई-ईन आल्यावर करणार कोण? औषधाच्या दुकानात कुणीही मागितलं की मिळतात. आमच्याकडेही हेच चालतं, त्यामुळे त्यांना नावं ठेवायचं मला काही कारण नाही.

मी सरळ सांगितलं. या गोळ्यांनी काही बायकांचं रक्त गोठायला लागतं. त्यात वय, मोडकी झोप, दिवसचे दिवस पाटावर मांडी घालून केलेलं काम. पायाच्या खोल शिरेत गुठळी झाली असावी असा मला संशय आहे. रगडलं तर ती सुटून छातीत जाऊ शकते आणि मग माणूस बसल्या जागी जातो. मी डॉक्टर नाही, पण आत्ताच्या आत्ता भंडाऱ्याला जायला हवं. प्रज्ञाला फोन लावला, तिनंही तेच सांगितलं आणि वर म्हणाली, चालवू नका, गाडीत आडवं न्या.

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीही हललं नाही.

नामदेवभाऊंना शेतातून बोलावलं. ते घाबरलेले दिसत होते, तरी म्हणाले, "म्याडम जी, आज मंडई. ईवाई रस्त्यात हायेत. पहिल्यांदा येऊन राहिले, आन् घरची मोठी बाईच नाई? एक दिवसाचा त सवाल हाय. उद्या फाटेलेच नेतो."

"उद्या नेतो," अनुसयाबाईही म्हणाल्या. "मी काई मरत नाई एका दिवसात."

"मराल," मी म्हटलं. असं बोलायला नको होतं, पण तेच खरं होतं. तरीही त्यांच्या डोळ्यांत मला दिसत होतं, की मरण ही लांबची गोष्ट आहे आणि ईन तासाभरात दारात उभी राहणार आहे.

समजावून काही होत नाही हे कळल्यावर मी वाईट वागायचं ठरवलं. पुष्पानं माझ्यासमोर चहाची कपबशी ठेवली होती. ती मी लांब सारली. म्हटलं, "या घरात मी आता पाण्याचा घोट घेणार नाही. बाई गाडीत बसत नाहीत तोवर मी या छपरीत उपाशी बसून राहीन. ईवाई आले की त्यांनाही सांगेन, की मंडईच्या दिवशी या घरातून पाहुणी उपाशी गेली."

अनुसयाबाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की जणू मी त्यांच्या देव्हाऱ्यावर चप्पल ठेवली होती.

"असं नोका बोलू जी," त्या म्हणाल्या.

"बोलले आहे."

त्या नवऱ्याकडे वळल्या. "गाडी पाहा," त्यांनी सांगितलं.

भंडाऱ्याची वाट

मंडईत भांड्यांचं दुकान लावायला आलेल्या एकाची बोलेरो मिळाली. मागच्या सीटवर अनुसयाबाईंना आडवं केलं, पाय माझ्या मांडीवर उशी ठेवून उंच घेतला. नामदेवभाऊ पुढे. निघताना अनुसयाबाईंनी स्वयंपाकाचं सगळं पुष्पाला बजावलं, मसाला किती, मीठ किती, आणि मला बळंच शिंगाडे दिले. "आता त खा," म्हणाल्या. मी गाडीत बसून खाल्ले. हिरामणला उठवून कांदे कापायला बसवलं होतं. हातांवर अजून पट्टे होते, डोळ्यांतून पाणी.

सगळी वाहतूक गावाकडे येणारी आणि आमची एकटीच गाडी उलट चाललेली. ट्रॅक्टर भरून माणसं, मोटारसायकलींवर तिघं तिघं, नव्या साड्या. ओळखीचं कुणी दिसलं की अनुसयाबाई डोकं उचलून सांगायच्या, "येतोच मी, आताच येतो!" मी त्यांना गप्प पडायला सांगत होते आणि मनातून धास्तावले होते. त्यांचा श्वास मी न बोलता मोजत होते. जरा खोकल्या की पुन्हा पहिल्यापासून मोजत होते.

मोठ्या रस्त्याला लागण्याआधी समोरून पांढरी गाडी आली. नामदेवभाऊंनी ओळखली. "ईवाई," ते पुटपुटले. अनुसयाबाईंनी पदर तोंडावर ओढला. "थांबू नोका, निघून जाऊ द्या." पण दोन्ही गाड्या थांबल्या होत्या. अरुंद रस्त्यात दुसरं काही होण्यासारखं नव्हतं.

ईन खाली उतरल्या. अनुसयाबाईंच्याच वयाच्या, किडकिडीत, हिरव्यागार साडीत. त्यांनी खिडकीतून आत पाहिलं. नामदेवभाऊंनी चाचरत सांगितलं, पाय सुजला, या म्याडम म्हणतात रक्त गोठलं, घरी पुष्पा हाय, तुमच्या सेवेत काई कमी पडनार नाई, सांजच्याले आमी परत येतो. ऐकून त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मला वाटलं, झालं, रुसल्या. मग त्यांनी वळून आपल्या नवऱ्याला सांगितलं, "तुमी सगळे जा मंडईले. मी भंडाऱ्याले जातो."

"अवो, तुमी कायले..." पदराआडून आवाज आला.

"चुप बसा. दोन साल आधी माह्या मोठ्या बहिणीचा असाच पाय सुजला होता. वात म्हणून आमी रगडत राहिलो. सातव्या दिवशी पाणी मांगतलं, आन् पाणी आणेपर्यंत गेली." त्या दार उघडून आत चढल्या आणि अनुसयाबाईंचं डोकं उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं. "मंडई पुढच्या साली बी भरन. ईन कुठून आणू मी?"

पदराआड अनुसयाबाई रडायला लागल्या. मीही रडले, सांगायला कशाला लाजू. गाडी सुरू झाली.

दवाखान्यात सोनोग्राफी झाली. डाव्या मांडीच्या खोल शिरेत गुठळी होती, छातीकडे सरकलेली नव्हती. डॉक्टरांनी लगेच रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू केली आणि पुढे काही महिने गोळ्या घ्याव्या लागतील असं सांगितलं. आज आणलं हे बरं केलं, असं ते दोनदा म्हणाले. पाळीच्या गोळ्या यापुढे डोळ्यांसमोरही नकोत, असंही बजावलं. ईन तिथेच, खाटेशेजारच्या स्टुलावर मुक्कामाला राहिल्या. दोघींनी मंडईचा दिवस वॉर्डात काढला. पुष्पानं डबा पाठवला होता आणि मटणात मीठ कमी पडलं यावर दोघींचं एकमत झालं.

परत

त्या गावचे सगळे आकडे आम्ही टाकून दिले. प्रज्ञा आधी हसली, मग वैतागली. अनुसयाबाईंच्या रक्तात दाहाच्या खुणा चढलेल्या होत्या, पण त्यावरून झोपेबद्दल काहीही म्हणता येणार नाही, कारण गुठळी झाली की त्या चढतातच. प्रज्ञानं पुन्हा मोजायचं ठरवलं आहे, आणि या खेपेला मंडईचा महिना सोडून. वाचणाऱ्या बायकांना माझ्यातली शिक्षिका एवढंच सांगते, की एकच पाय सुजला, गरम झाला, ठणकायला लागला, तर रगडू नका, दवाखान्यात दाखवा. आणि पाळी लांबवायची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

निघायच्या दिवशी वरठीला गाडी पकडण्याआधी मी भंडाऱ्याला थांबले. अनुसयाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. पायाला घट्ट मोजा, सूज बरीच उतरलेली. ईन केस विंचरून देत होत्या. गेल्या गेल्या माझ्या हातात केळं आलं, ते खाईपर्यंत दुसरं बोलणं नाही. मग मी सवयीनं विचारून गेले, "झोप कशी लागली?"

अनुसयाबाईंनी फणी बाजूला सारली.

"खराब," त्या म्हणाल्या. "एकदम खराब. अंग भाजलं, तीनदा उठून बसलो. या ईन घोरते बैलासारख्या. उद्याची बी काई चांगली दिसत नाई."

इतकं वाईट उत्तर ऐकून मला कधी इतका आनंद झाला नव्हता. मी म्हटलं, "अहो, पाहुणीला असं सांगतात का?"

"आता कायच्या पाहुण्या तुमी?" त्या म्हणाल्या. "घरच्या मानसाजवळ कोनी खोटं बोलते का?"